पाच फेब्रुवारीचं अंजीर

अंजिराच्या पानाचा चीक साबणाने जात नाही. खोबरेल तेल चोळावं लागतं, आणि तरीही नखांच्या कडेला काळपट रेघ राहते ती राहतेच. गेली कितीतरी वर्षं जानेवारीच्या शेवटी मी इथे ऑस्ट्रेलियात, पॅरामॅटाच्या ऑफिसात ही असली बोटं घेऊन बसते आणि कुणी विचारलं की ‘गार्डनिंग’ म्हणून सांगते. या देशात गार्डनिंग म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात.

यंदा रेघ दोन्ही हातांना आहे, कारण यंदा मी अख्ख्या झाडाची पानं काढली.

झाड गिरावीनच्या एका घरामागे होतं. मी शिकायला आले तेव्हा त्या घराच्या मागच्या खोलीत राहायचे. या जानेवारीत पुन्हा त्या अंगणात पाय ठेवला तर घर रिकामं, खिडक्यांचे पडदे काढलेले, आणि दारावर घराचा नंबर होता तिथे दोन स्क्रूची भोकं. अंगणात मात्र तोच वास होता. उन्हाने तापलेल्या अंजिराच्या पानांचा वास ओल्या नारळाच्या जवळ जातो, थोडा गवतासारखा, थोडा दुधासारखा. कुंपणापाशी उभी राहून मी नुसता श्वास घेत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणी ‘मिहा’ म्हणून हाक मारणार नव्हतं, हे ठाऊक असूनही कान तिकडेच होते.

मिहा म्हणजे मुली. मला तशी हाक मारणारी दोन्या लूस, माझी घरमालकीण. दोन्या हे तिकडचं बाई म्हणणं. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो नावाच्या खाणींच्या गावात ती शाळामास्तरीण होती. खाणीत आलेल्या एका ऑस्ट्रेलियन इंजिनियरशी लग्न करून ती इकडे आली. नवरा लवकर गेला, मुलगा डॅनी मोठा होऊन पर्थकडे खाणीत लागला, आणि मागे राहिलेल्या मोठ्या घराच्या खोल्या ती आमच्यासारख्या पोरापोरींना द्यायची. तिने घर घेतलं तेव्हा त्या गल्लीत एकही भारतीय नव्हता. मी आले तेव्हा कुंपणावरून कढीपत्ता मागता येत होता. लूस म्हणायची, मी हललेच नाही, माझ्याभोवतीचा देश मात्र दोनदा बदलला.

तिच्या घराला चुन्याचा वास यायचा. मक्याचे दाणे ती रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवायची, सकाळी चोळून धुवायची, आणि ते पिवळट पाणी अंजिराच्या बुंध्याशी ओतायची. त्या वासाने मी पहिल्याच आठवड्यात रडले. वसईला नाताळाच्या आधी आमच्या घराला चुना लागायचा तेव्हा हाच वास ओटीपासून न्हाणीपर्यंत भरून राहायचा. लूसने मला रडताना पाहिलं आणि काहीही न विचारता वाटणाचा दगड पुढ्यात ठेवला. तोही आमच्या पाट्याचाच भाऊ, फक्त तीन पायांचा.

माझ्या बॅगेत आईने दिलेलं आमच्या संताचं चित्र होतं. वसईत जन्मलेला, जपानात क्रुसावर गेलेला आमचा संत; त्याचा सण आम्ही फेब्रुवारीत करतो. चित्रात समुद्राकाठची टेकडी आणि तिच्यावर ओळीने रोवलेले क्रूस. लूस चादरी बदलायला आली, चित्र हातात घेतलं आणि खाटेवर बसली. ओळीतल्या एका क्रुसावर बोट ठेवून म्हणाली, हा आमचा. तिच्या मेक्सिकोचा पहिला संत त्याच टेकडीवर, त्याच सकाळी गेला होता, आमच्या वसईकराच्या शेजारी. मी माझं बोट आमच्या माणसावर ठेवलं. चारशेहून जास्त वर्षांमागे दोन परक्या मुलखांतली पोरं जपानात शेजारी मेली, म्हणून आम्ही दोघी गिरावीनमध्ये नातेवाईक झालो. त्या दिवसानंतर मी भाडेकरू राहिले नाही.

तिच्या संताची गोष्ट अंजिराची. लहानपणी तो इतका वांड होता, की घरातली दाई म्हणायची, अंगणातलं वाळलेलं अंजीर हिरवं होईल तेव्हा हा पोरगा संत होईल. पाच फेब्रुवारीला तो तिकडे जपानात क्रुसावर गेला आणि इकडे मेक्सिकोत त्याच दिवशी वाळक्या झाडाला पालवी फुटली. आई-बापाला बातमी कळायला पुढे किती महिने लागले असतील. अंजिराला मात्र लगेच कळलं.

तर लूसचं दुःख असं, की या उलट्या देशात पाच फेब्रुवारी ऐन उन्हाळ्यात येते. अंजीर आधीच हिरवंगार, फळांनी वाकलेलं, वर पाखरांसाठी जाळी टाकलेली. वाळलेलं काही नाहीच, तर हिरवं काय होणार? दर वर्षी त्या दिवशी ती झाडाखाली खुर्ची टाकून, तोंड पाडून बसायची. या देशात चमत्काराची काही सोयच नाही, म्हणायची.

माझे बाबा मोगरेवाले. वसईच्या आमच्या वाडीत थंडी पडली की ते मोगऱ्याचं पाणी तोडायचे, मग घरातले सगळे मिळून पानं ओरबाडायचो. झुडपं काटक्यांसारखी उघडी पडायची. याला ताण देणं म्हणतात. बाबा रोज वाफ्यात उकिडवे बसून काड्या बोटांनी चाचपायचे, आणि ठरवलेल्या सकाळी पाटाचं पाणी सोडायचे. ओल्या मातीचा तो पहिला वास घरभर यायचा, आणि आई चहा टाकता टाकता म्हणायची, सुटलं वाटतं पाणी. मग काडीवरच्या दर डोळ्यातून, जिथे अंकुर फुटतो तिथून, हिरवं टोक, आणि पाठोपाठ कळ्या. संध्याकाळी कळ्या खुडायला निघायचो तेव्हा केळीच्या पानांत बांधलेल्या पुड्यांचा वास हाताला, केसांना, जेवणाला. ती वाडी आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे आणि तिचं नाव मोगरा हाइट्स आहे. नाव ठेवणाऱ्याला लाज कशी वाटली नसेल, हा प्रश्न मला अजून अधूनमधून पडतो.

मी लूसला म्हटलं, चमत्कार आपण हाताने करू. जानेवारीच्या मध्यावर स्वयंपाकघराच्या बाजूची एक मोठी फांदी निवडली, आणि तिची पानं, फळं, सगळं काढलं. बाकीचं झाड खायला ठेवलं. लूस खुर्चीवर चढून वरची पानं तोडायची, मी खालची. चीक कोपरापर्यंत ओघळायचा, अंग खाजायचं, आणि ती हसायची. पाच तारखेला सकाळी त्या उघड्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यावर हिरवी टोकं होती, जपून पेटवलेल्या वातींएवढी. लूसने कपाळाला-छातीला बोटं लावून क्रुसाची खूण केली. मी म्हटलं, अहो, हे आपणच केलंय. तिने माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, मग आपल्याकडून कुणी करून घेतलं?

तिथून तो आमचा सण झाला. मी नोकरीला लागले, लग्न झालं, वेंटवर्थव्हिलला घर घेतलं, पण जानेवारीत पानं काढायला गिरावीनला गेले नाही असं झालं नाही.

पाच तारखेचा आणखी एक विधी होता. तिच्या आजीपासून चालत आलेला, आणि मला वाटतं सगळ्यांत खरा. टोकं दिसली की लूस गंभीर चेहरा करून विचारायची, “आ किएन मातारोन?” म्हणजे, कुणाला मारलं? अंजीर हिरवं झालं म्हणजे कुणीतरी मेलेलं असणारच. उत्तरात आपण मेक्सिकोच्या इतिहासातला कुणीतरी सांगायचा. मग ती विचारायची, “आणि कुणी?” त्याचं उत्तर ठरलेलं. दर वर्षी तेच. आपल्याच माणसांनी.

मी तो देश असा शिकले, अंजिराच्या बुंध्याशी बसून, हातात मक्याची गरम पोळी घेऊन. एक पाद्री होता. सप्टेंबरातल्या एका पहाटे त्याने आपल्या चर्चची घंटा वाजवून गोरगरिबांना गोळा केलं आणि स्पेनच्या राज्याविरुद्ध उठवलं. त्याचा घात त्याच्याच बाजूला असलेल्या एकाने केला. त्याचं डोकं पिंजऱ्यात घालून लूसच्या गावातल्या धान्याच्या कोठाराच्या कोपऱ्यावर दहा वर्षं टांगलं होतं. शाळेत जाताना ती त्या कोपऱ्याखालून जायची. पिंजऱ्याचा हूक अजून आहे, म्हणायची. मग ज्या सेनापतीने स्वातंत्र्य पुरं केलं, तो स्वतःच बादशहा होऊन बसला, आणि त्याला त्याच्याच देशाच्या बंदुकांनी मारलं. शंभर वर्षांनी क्रांती झाली. तिच्यातला मोठ्या मिशांचा तो शेतकऱ्यांचा पुढारी, जमीन कसणाऱ्याची म्हणणारा, त्याला भेटीला बोलावलं, दारात मानाचं बिगुल वाजवलं, आणि मानवंदना द्यायला उभ्या केलेल्या शिपायांनीच गोळ्या घातल्या. बिगुल ती तोंडाने वाजवून दाखवायची. ते वाजलं की शेजारचा कुत्रा भुंकायचा.

पाच फेब्रुवारीलाच त्यांच्या दोन राज्यघटना जाहीर झाल्या. एक चर्चच्या जमिनी घेणाऱ्यांच्या काळातली, एक क्रांतीनंतरची. त्यामुळे लूसच्या आजोळी या दिवशी एका टेबलावर दोन सण असायचे. आजीच्या बाजूला संताची मेणबत्ती, मामांच्या बाजूला झेंडा, आणि मध्ये मिठाचं भांडं, जे दोन्हीकडून कुणी मागायचं नाही. आजीच्या आजोबांनी पहिल्या घटनेची शपथ घेतली होती, म्हणून ते मरताना पाद्रीने त्यांच्यावर शेवटचे संस्कार करायचं नाकारलं. आणि आजी स्वतः क्रांतीत नवऱ्यामागे फिरली. सैन्याच्या आगगाड्यांत आत घोडे, टपावर बायका. टपावरच चूल, टपावरच पोळ्या, टपावरच एक बाळंतपण. लूस म्हणायची, घोड्यांना आत ठेवायचे कारण घोडे महाग. आजीचा नवरा मेला तोही दुसऱ्या बाजूच्या क्रांतिकारकांच्या गोळीने. आजीने त्यापुढे आयुष्यभर कुठल्याच बाजूला टाळी वाजवली नाही. फक्त अंजिराला टोकं आली की विचारायची, आज कुणाला मारलं?

इतकं कडू बोलून लूस अंजीर सोलायची आणि अर्धं माझ्या तोंडात घालायची.

गेल्या वर्षी तिला पॅरामॅटाजवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. आठवण गेली. आधी माणसांची नावं, मग इंग्रजी. साठीकडे झुकलेला डॅनी पर्थहून येऊन दोन तास बसला, तिच्याशी इंग्रजीत बोलला, आणि मग घर विकलं. स्पॅनिश तो लहानपणीच सोडून बसला होता; शाळेत पोरं हसायची म्हणून, असं लूसने मला एकदा सांगितलं होतं. नर्सिंग होममधल्या पोरी चांगल्या आहेत, नेपाळच्या, पंजाबच्या, “हाय डार्लिंग” म्हणून तिचे केस विंचरतात. पण तिच्याशी तिच्या भाषेत चार शब्द बोलणारी मीच, आणि माझं स्पॅनिश म्हणजे स्वयंपाकघर, संत आणि खून. बाकी शब्द मला कुणी शिकवलेच नाहीत. दर शनिवारी मी जायचे. ती मला ओळखायची नाही, पण एकच गोष्ट न चुकता विचारायची, अंजिराला फुटवा आला का?

मला यंदा एवढंच करायचं होतं. पाच फेब्रुवारीला लूसला गाडीत घालून गिरावीनला न्यायचं आणि हिरव्या झालेल्या झाडाखाली बसवायचं. पुढच्या वर्षापर्यंत ती असेल असं डॉक्टरला वाटत नव्हतं, आणि मलाही.

घर घेणारा निघाला निखिल, आमचा ठाण्याचा. आयटीत आहे, बायको आहे, लहान मुलगा आहे, जुनं घर पाडून डुप्लेक्स बांधतोय. एका भागात स्वतः राहणार, एकात आई-बाबांना आणणार. मराठी आवाज ऐकून मला हायसं वाटलं, याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने छान ऐकून घेतलं. त्याची बायको चहा घेऊन आली, गाडीतल्या थर्मासमधला, आलं घातलेला. निखिल म्हणाला, “नो वरीज ताई. पाच तारखेपर्यंत झाड तुमचं. आम्ही हात पण लावणार नाही.”

त्या दुपारी मी एकटीने पानं काढली. लूसची नजर अधू झाली आहे, एक फांदी तिला दिसणार नाही, म्हणून अख्खं झाड काढलं. शिडीवर चढले. माझी मुलगी गाडीत फोन बघत बसली होती. ती खिडकीची काच खाली करून म्हणाली, “मम, इट्स लिटरली अ ट्री.” मी म्हटलं, उतर आणि खालची पानं तोड. ती उतरली, दोन पानं तोडली, हाताला चीक लागल्यावर परत जाऊन बसली. संध्याकाळी झाड काटक्यांचं झालं. जाताना मी निखिलला पुन्हा सांगितलं, हे असंच दिसेल, घाबरू नका, पाच तारखेला पालवी येते. तो ओके ओके म्हणाला.

पाच तारखेला सकाळी, लूसला आणण्याआधी, मी एकटी बघून येऊ म्हणून गेले. लांबूनच आकाश जास्त दिसलं. झाडाच्या जागी भुसा होता, आणि पुढच्या अंगणात लोखंडी कचरापेटीत फांद्या.

निखिल तिथेच होता, डोक्यावर पिवळी हॅट. मला बघून खरंच ओशाळला. म्हणाला, “ताई, एक्स्कॅव्हेटरवाल्याला अर्ली स्लॉट मिळाला. आणि ट्रीवाला बोलला, हे डेड आहे. मी झाड बघितलं ना, एक पान नव्हतं. डेड झाड ठेवून काय करणार, म्हटलं.”

मी म्हटलं, तुला सांगितलं होतं ना, पालवी येणार म्हणून. दोनदा सांगितलं होतं.

“हो, सांगितलेलं,” तो म्हणाला. “पण मला वाटलं, तुम्ही ते श्रद्धेने बोलताय.”

माझ्या बापाने जन्मभर मोगऱ्याला ताण दिला. पानं काढायची, पाणी तोडायचं, वाट बघायची, आणि कुणाला एकदाही ती श्रद्धा वाटली नाही. त्याला काम म्हणत. आणि हा ठाण्याचा पोरगा, शिकलासवरलेला, माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने बघत होता, की मला त्याच्याशी भांडताही येईना. त्याच्या बायकोने पुन्हा चहाचं विचारलं. मी नको म्हटलं.

कचरापेटीत वाकून बघितलं. फांद्यांची कापलेली तोंडं सुकली होती, पण फांद्यांना काही कळलेलं नव्हतं. जवळजवळ प्रत्येक डोळ्यावर हिरवं टोक होतं. वेळेवर, पाच तारखेला, बरोब्बर. मी हातभर लांबीची एक फांदी ओढून काढली. निखिल म्हणाला, “घ्या ना ताई, अजून घ्या.” मुळासकट उखडलेल्या झाडाचं तो मला दान देत होता.

नर्सिंग होममध्ये दुपारचं जेवण होऊन गेलं होतं. तिथे कायम उकडलेल्या भाज्यांचा आणि हँडवॉशचा वास असतो. लूसच्या नाकाला तो शिक्षेसारखा वाटत असणार. ती खिडकीपाशी होती. मी ती फांदी तिच्या मांडीवर ठेवली. तिने आधी वास घेतला. मग बोटांनी टोकं चाचपली, एकेक, आमचे बाबा चाचपायचे तशी. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी जागा झाला. पाठ सरळ झाली. वर्गात फळ्यापाशी उभी असावी तशी तिने माझ्याकडे बघितलं.

“आ किएन मातारोन?”

मी इतिहासातला कुणीतरी सांगणार होते. पाद्री, बादशहा, मिशांचा शेतकरी, सगळे जिभेवर होते. बाहेर पडलं ते वेगळंच.

“तुमच्या अंजिराला.”

ती दचकली नाही. कुणाच्याही मरणाने न दचकणाऱ्या घराण्यातली ती बाई. थोडा वेळ तिने टोकांवरून अंगठा फिरवला. मग पुढचा प्रश्न आला, यायचाच होता.

“आणि कुणी?”

माझ्या दोन्ही हातांच्या नखांना तिच्याच झाडाचा चीक होता. मी ते हात पाठीमागे घेतले आणि शिकवलेलं उत्तर दिलं.

“आपल्याच माणसांनी.”

“बरोबर,” लूस म्हणाली, आणि शाबासकीसारखं माझ्या गालावर थोपटलं.